घर माहेरचं, भाडं दादाच्या खात्यात. विवरणपत्र कुणी भरायचं?

पत्राचा गोषवारा

गुहागर तालुक्यात, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर एका बाईंचं माहेरचं घर आहे. भावंडं नाहीत. वडिलांनी हयातीतच बक्षीसपत्र करून घर लेकीच्या नावावर केलं. त्या वीस-बावीस वर्षं इंग्लंडमध्ये आहेत. नोकरी तिकडेच, नागरिकत्वही तिकडचं. जुन्या घराची त्यांनी डागडुजी केली, दोन खोल्यांना बाथरूम जोडून घेतली. शेजारच्या घरात चुलतभाऊ राहतो, किल्ली त्याच्याकडे. गेली काही वर्षं तो खोल्या पर्यटकांना देतो आणि वहिनी जेवणाचं बघते. पैसे दादाच्या यूपीआयवर येतात. त्यातून तो वीजबिल, घरपट्टी, पावसाआधीचं कौलांचं काम भागवतो आणि उरलेलं स्वतःकडे ठेवतो. बाईंना ते मान्य आहे. भारतात त्यांच्या नावावर एनआरओ खातं (अनिवासींचं भारतातलं रुपयांतलं बँक खातं) आणि थोडी मुदत ठेव आहे, बाकी काही नाही. यंदा इंग्लंडच्या कर खात्याचं, एचएमआरसीचं पत्र आलं: परदेशात तुमचं उत्पन्न असल्याची माहिती आमच्याकडे आहे, तपासून पाहा. दादाला फोन केला तर तो म्हणाला, "तू कशाला टेन्शन घेतेस? मी माझ्या नावावर दाखवतो, मला बारा लाखांपर्यंत करच नाही." बाई विचारतात: ज्या भाड्यातला एक रुपया माझ्या हातात आला नाही त्याचं विवरणपत्र मी का भरायचं? दादाकडे हिशेब मागितला तर नातं राहील का? आणि या कटकटीपेक्षा घरच त्याच्या नावावर करून टाकलं तर?

उत्तर

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. घाबरलेला माणूस तेच आधी करून बसतो आणि त्यातच सगळ्यात मोठं नुकसान आहे.

घर दादाला बक्षीस दिलंत तर बिल दादाला येईल. आयकर कायद्यात 'नातेवाईक' कोण याची ठरलेली यादी आहे: नवरा-बायको, सख्खी भावंडं, जोडीदाराची भावंडं, आई-वडिलांची भावंडं, सरळ वरच्या आणि खालच्या पिढ्या, आणि या सगळ्यांचे जोडीदार. ही यादी घेणाऱ्याच्या बाजूने वाचायची असते. तुमचे वडील दादाचे काका. त्यांनी घर दादाला दिलं असतं तर त्याला काही कर नव्हता. तुम्ही मात्र त्याची चुलतबहीण, आणि चुलत भावंडं यादीतच नाहीत. दरवर्षी राखी बांधत असलात तरी नाहीत. त्यामुळे तुमच्याकडून त्याला घर फुकट मिळालं तर रेडीरेकनरची, म्हणजे सरकारी दरपत्रकातली, किंमत त्या वर्षीचं त्याचं उत्पन्न धरली जाईल. समुद्राजवळच्या गावांत रेडीरेकनर कुठे गेलाय ते दादाला माहीत असेल. शिवाय इंग्लंडमध्ये नवरा-बायको सोडून कुणालाही मालमत्ता भेट दिली की ती बाजारभावाने विकली असं धरून भांडवली नफा मोजतात. म्हणजे हातात पैसा नाही आणि कर दोन्हीकडे. घर पुढे दादाकडेच जावं असं मनापासून वाटत असेल तर मृत्युपत्र करा. मृत्युपत्राने मिळालेल्या मालमत्तेवर घेणाऱ्याला भारतात हा कर लागत नाही. पण ते शांतपणे करायचं काम आहे, एचएमआरसीचं पाकीट समोर ठेवून नव्हे.

वडिलांनी केलेल्या बक्षीसपत्रावरही एकदा नजर टाका. त्यात गावठाणातलं घर आणि भोवतालची जागाच आहे, की मागची कलमांची बागही? परकी चलनाच्या नियमांनुसार अनिवासी भारतीय किंवा ओसीआय कार्डधारकाला (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला) भारतात शेतजमीन, बागायत किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही, आणि बक्षीस म्हणूनही घेता येत नाही. वारसाहक्काने मात्र येऊ शकतं. बाग बक्षीसपत्रात असेल तर आधी वकील गाठा, करसल्लागार नंतर. आपल्याकडे घर, मांगर आणि बाग एकाच कागदात बसवायची सवय आहे म्हणून विचारतोय.

आता मूळ मुद्दा. "पैसा माझ्या हातात आला नाही, मग तो माझा कसा?" असं तुम्ही धरून चालला आहात. घराचं भाडं मालकाचं उत्पन्न असतं. वसुली कुणी केली, कुणाच्या यूपीआयवर आली, याने मालक बदलत नाही. दादाने भाडं घेतलं ते तुमच्या वतीने. त्यातून त्याने स्वतःकडे ठेवलं ते तुम्ही त्याला दिलेलं. कराच्या हिशेबात भाडं आधी तुमच्याकडे येतं आणि मग तुमच्याकडून दादाकडे जातं, मधला प्रवास कागदावर दिसत नसला तरी. भारतात असं आहे आणि इंग्लंडमध्येही असंच आहे.

दादाच्या 'बारा लाखां'तली मेख हीच. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत उत्पन्नावर कर पडत नाही, हे खरं आहे. पण ती सवलत निवासी व्यक्तीला आहे. अनिवासीला ती मिळत नाही. त्याला फक्त मूळ करमुक्त मर्यादा, नव्या प्रणालीत चार लाख. त्यामुळे भाडं निवासी भावाच्या नावावर दाखवण्याचा मोह होतो आणि किनाऱ्यावर किती घरांत हेच चाललंय ते न बोललेलं बरं. दादाचा हेतू चांगला आहे. पण ज्या घराचा तो मालक नाही त्याचं भाडं तो स्वतःचं म्हणून दाखवणार, आणि तुम्ही इंग्लंडमध्ये तेच घर तुमचं म्हणून दाखवणार. दोन विवरणपत्रं, दोन गोष्टी. याच्या उलटही होऊ शकतं: दादा काहीच दाखवणार नाही, आणि त्याच्या बचत खात्यात वर्षाला जमा झालेल्या रकमा पाहून आयकर खातं त्यालाच विचारेल की हे पैसे कुठले.

अनिवासी आहात का, हेही तपासलेलं बरं. एका आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहणारा भारतीय नागरिक किंवा भारतीय वंशाचा माणूस साधारणपणे अनिवासी असतो. भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर १२० दिवसांनंतर वेगळे नियम लागतात. गणपती आणि मे महिना धरून तुम्ही त्याच्या जवळपासही जात नाही. पण निवृत्तीनंतर गावी चार-चार महिने राहणाऱ्यांनी पासपोर्टवरचे शिक्के मोजायला हवेत.

आता आकडे मांडून पाहू. तुम्ही रक्कम कळवलेली नाही, म्हणून समजा वर्षाला खोल्यांचं भाडं ४,८०,००० रुपये आलं. यात जेवणाचे पैसे नाहीत, ते का ते पुढे सांगतो. २०२४-२५ पासून राहत्या घराचं भाडं मालकाला 'घरापासूनचं उत्पन्न' म्हणूनच दाखवावं लागतं, धंदा म्हणून नाही. यात खर्चाची वजावट ठरलेली आहे. भरलेली घरपट्टी वजा करायची, समजा ३,००० रुपये, की राहिले ४,७७,०००. त्यातून सरसकट ३० टक्के, म्हणजे १,४३,१०० वजा. उरले ३,३३,९००. कौलं फेरली, पंप जळला, रंग काढला, दादाला मोबदला दिला, हे सगळं त्या ३० टक्क्यांत आलं. खरा खर्च कमी झाला तरी ३० टक्के मिळतात आणि जास्त झाला तरी तेवढेच. गृहकर्ज असेल तर त्याचं व्याज वेगळं वजा होतं. तुम्ही कर्ज काढलेलं दिसत नाही.

त्यात ठेवीचं व्याज मिळवा, समजा ६०,००० रुपये. बेरीज ३,९३,९००. चार लाखांच्या आत, म्हणजे २०२५-२६ साठी कर शून्य. पण बँकेने काय केलं? अनिवासीच्या एनआरओ व्याजावर ३० टक्के आणि वर उपकर, मिळून ३१.२ टक्के, म्हणजे १८,७२० रुपये आधीच कापले. ते परत हवे असतील तर विवरणपत्र भरण्यावाचून मार्ग नाही. "कर कापला गेलाय म्हणजे माझं काम झालं," असं समजणारे अनिवासी दरवर्षी भेटतात आणि सरकारला बिनव्याजी देणगी देऊन मोकळे होतात. कापलेला कर २५,००० किंवा त्याहून जास्त असेल तर उत्पन्न मर्यादेच्या आत असलं तरी विवरणपत्र सक्तीचंच आहे. मर्यादेच्या वर गेलात तर प्रश्नच उरत नाही.

इंग्लंडचं निवासी प्रमाणपत्र एचएमआरसीकडून आणून बँकेला दिलंत तर दोन देशांतल्या करारानुसार व्याजावर १५ टक्केच कापले जातात. त्यासोबत भारताच्या कर संकेतस्थळावर एक जोडफॉर्म भरावा लागतो. दर वर्षी नव्याने.

भरायचं कसं, तर आयटीआर-२. घाईत आयटीआर-१ भरू नका, तो फक्त निवासींसाठी आहे. २०२५-२६ साठी शेवटची तारीख ३१ जुलै २०२६. चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं भरता येतं, त्याला पाच हजारांपर्यंत विलंब शुल्क आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले, पण २०२५-२६ च्या उत्पन्नाला जुनाच कायदा आहे. म्हणून या उत्तरात मुद्दाम कलमं दिलेली नाहीत. यंदा सगळ्यांच्या जिभेवर दोन-दोन आकडे असणार.

खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. परदेशात राहणाऱ्यांचा जुना भारतीय मोबाइल नंबर बंद पडलेला असतो, आधार नसतं, आणि ओटीपी कुठे जातोय ते कुणाला माहीत नसतं. पोर्टलवर परदेशी नंबर आणि ईमेल नोंदवता येतो. भरलेलं विवरणपत्र ३० दिवसांत पडताळावं लागतं. नेटबँकिंगनेही जमतं, आणि काहीच जमलं नाही तर पोचपावतीवर सही करून बेंगळुरूच्या प्रक्रिया केंद्राला पाठवता येते. त्याआधी पॅन चालू आहे ना ते बघा. आधार जोडलं नाही म्हणून कित्येक अनिवासींचे पॅन निष्क्रिय झाले. अनिवासींना आधार जोडण्यातून सूट आहे, पण तुम्ही अनिवासी आहात हे खात्याच्या नोंदीत असेल तरच.

मागच्या वर्षांचं काय? २०२४-२५ मध्ये नव्या प्रणालीची करमुक्त मर्यादा तीन लाख होती. तेच आकडे धरले तर विवरणपत्र सक्तीचं होतं आणि कर पाच हजारांच्या आत. पण बँकेने १८,७२० कापलेले आहेत, म्हणजे उरलेलं तुमचंच येणं. इथे एक पेच आहे. मुदत उलटल्यावर जे 'अद्ययावत' विवरणपत्र भरता येतं, ते जास्तीचा कर भरायचा असेल तरच. परतावा मागायला ते चालत नाही. तुमच्यासारख्यांना विलंब माफ करण्याचा अर्ज करावा लागतो. तो पाच वर्षांच्या आत करता येतो, उशीर का झाला याचं पटेल असं कारण द्यावं लागतं आणि मंजुरी अधिकाऱ्याच्या हातात असते. उलट ज्यांचा कर खरोखर राहून गेलाय त्यांना अद्ययावत विवरणपत्राची खिडकी आता चार वर्षं उघडी आहे. जितका उशीर तितका जादा कर: पहिल्या वर्षी २५ टक्के, मग ५०, ६०, ७०.

आता एचएमआरसीचं पत्र. ते बहुधा तुमच्या एनआरओ खात्यामुळे आलंय. भारत आणि ब्रिटन दोघंही आर्थिक खात्यांची माहिती दरवर्षी आपोआप एकमेकांना देतात. बँकेने तुम्हाला ब्रिटनची रहिवासी म्हणून नोंदवलंय, म्हणून तुमची शिल्लक आणि व्याज तिकडे कळलं. घराबद्दल त्यांना कदाचित अजून काही माहीत नसेल, आणि इथेच माणूस "फक्त व्याजाचंच सांगू" म्हणून घसरतो. तसं करू नका. अशा पत्रासोबत 'माझं कराचं सगळं बरोबर आहे' अशा अर्थाचं प्रमाणपत्र सहीसाठी येतं. ते तिथल्या सल्लागाराला दाखवल्याशिवाय भरून पाठवू नका. पण पत्र ड्रॉवरमध्येही टाकू नका. स्वतःहून सांगणाऱ्यासाठी तिथे 'वर्ल्डवाइड डिस्क्लोजर फॅसिलिटी' आहे: आधी कळवायचं, मग ९० दिवसांत हिशेब आणि पैसे द्यायचे. विचारल्यावर कबूल करण्यापेक्षा दंड त्यात बराच कमी पडतो.

तिथली मोजणी निराळी आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्याला जगभरच्या उत्पन्नावर कर. मालमत्तेच्या भाड्यातले पहिले हजार पौंड सोडून देता येतात. त्याहून जास्त असेल तर परदेशी उत्पन्नाच्या पानांसह सेल्फ असेसमेंट, म्हणजे तिथलं विवरणपत्र, ऑनलाइनची शेवटची तारीख ३१ जानेवारी. हजार पौंडांची सूट घ्यायची नसेल तर प्रत्यक्ष खर्च वजा होतो: वीज, साफसफाई, दुरुस्ती, दादाचा मोबदला. फक्त तुम्ही स्वतः राहिलात त्या दिवसांचा वाटा सोडून. समजा तो खर्च २,१०,००० रुपये निघाला तर तिकडचा नफा २,७०,०००, आणि आपल्याकडे त्याच घराचा ३,३३,९००. एकाच घराचे दोन वेगळे नफे, आणि दोन्ही बरोबर.

"दोन्हीकडे कर भरू का?" याचं उत्तर: भारतात खरोखर भरावा लागलेला कर तिकडे वळता मिळतो. खरोखर भरावा लागलेला, हे लक्षात घ्या. जो कर भारतातून परत मिळू शकतो, त्याचं श्रेय तिकडे मिळत नाही. व्याजावरही कराराच्या १५ टक्क्यांपुरतंच मिळतं. म्हणजे भारतातला परतावा न मागता "कर कापला होता" असं तिकडे दाखवून चालणार नाही. आधी इथलं विवरणपत्र, मग तिथलं.

आता दादा.

हिशेब मागणं म्हणजे संशय घेणं, असं तुम्ही गृहीत धरलंय. ते पुरतं चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. वाडीत "हिशेब दाखव" या शब्दांना धार असते, त्यात परदेशातल्या बहिणीने गावात राहिलेल्या भावाला म्हटलं तर जास्तच. शिवाय घर पुतण्याला न मिळता लेकीला मिळालं, याबद्दल दादाच्या मनात काय आहे ते तुमच्या पत्रात नाही; कदाचित तुम्हीही कधी विचारलं नसेल. म्हणून प्रश्नाची दिशा बदला. त्याने किती ठेवले हे विचारूच नका. त्याच्या खात्याला काय धोका आहे ते सांगा.

हिशेब बहुतेक आधीच लिहिलेला असेल. खोल्या देणारी माणसं पाहुण्यांची नोंदवही ठेवतात, कारण पोलीस विचारतात. परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांत ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. अशा वहीचं पान कसं असतं ते मी रोज बघतो: तारीख, नाव, गाडीचा नंबर, माणसं किती, ॲडव्हान्स किती, बाकी किती, आणि समासात पेन्सिलीने 'सुरमई थाळी २ जादा'. आपल्याला हवं ते सगळं तिथे आहे. भाडं आणि जेवण वेगळं काढायचं, एवढंच.

फोनवर बोलायचं झालं तर असं काहीतरी बोला: "दादा, घर तू सांभाळलंस म्हणून उभं आहे. मला त्यातले पैसे नकोत. पण तुझ्या खात्यात येतात ते पर्यटकांचे पैसे, उद्या तुलाच विचारतील कुठले म्हणून. आणि इथे मला घर माझं आहे हे लिहून द्यावं लागणार. दोघांनी दोन तऱ्हा सांगितल्या तर दोघंही अडकू. वहीच्या पानांचे फोटो पाठव, आकडे मी मांडते. तुझं किती आणि वहिनीचं किती, ते तूच सांग."

वहिनीचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच कुणी लक्षात घेत नाही. जेवण तिच्या श्रमाचं आहे, मासळी तिच्या पैशाची आहे. ते तुमच्या घराचं भाडं नव्हेच. ते तिचं स्वतंत्र उत्पन्न, तिच्या नावावर, तिच्या खात्यात. तिला निवासी म्हणून १२ लाखांपर्यंतची ती सवलत आहे, म्हणजे तिला एक पैसाही कर लागण्याची शक्यता कमी. दादाला तुम्ही देखभालीचा जो मोबदला द्याल तो त्याचं उत्पन्न, त्यालाही तेच लागू. 'माझ्या नावावर दाखवतो' म्हणणाऱ्या दादाला हे सांगा: तुझं जे खरोखर तुझं आहे ते तुझ्या नावावर दाखव, ते बारा लाखांत आरामात बसतं. मला वाटतं एवढ्याने त्याचा निम्मा आक्षेप गळून पडेल.

पुढची व्यवस्था कशी ठेवायची याचे तीन मार्ग दिसतात.

घर भाड्याने देणं बंद करायचं. वर्षभर फक्त तुम्ही वापरलंत किंवा बंद ठेवलंत तर भारतात त्याचं उत्पन्न शून्य धरतात. दोन घरांपर्यंत ही सोय आहे. कागद सगळ्यात कमी. पण ज्या वर्षी थोडे दिवसही भाड्याने दिलंत त्या वर्षी 'स्वतःच्या वापरातलं' म्हणता येत नाही. आणि कोकणातलं बंद घर म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. दोन पावसाळ्यांत दारं फुगतात, वाशांना वाळवी लागते. दादाची वरकमाई जाईल ती वेगळीच.

दुसरा, घर दादाला वर्षाच्या ठरावीक भाड्याने देऊन टाकायचं. होमस्टे त्याचा धंदा, त्याचा नफा-तोटा. मनाला हा पटतो, कारण राबतो तो. पण अनिवासी मालकाला भाडं देणाऱ्याने प्रत्येक हप्त्यातून ३१.२ टक्के कापून सरकारजमा करायचे असतात, रक्कम कितीही लहान असो, आणि दर तिमाहीला विवरण द्यायचं असतं. कमी दराने कापण्याचा दाखला मिळू शकतो, पण तोही वर्षा-वर्षाने काढायचा. गावातल्या माणसावर हे ओझं टाकणं मला बरोबर वाटत नाही.

तिसरा, आणि तुमच्यासाठी मला तोच सोयीचा वाटतो: खोल्यांचं भाडं तुमच्या एनआरओ खात्यात, जेवणाचं वहिनीच्या खात्यात. दोन क्यूआर कोड, एक पडवीत, एक स्वयंपाकघराच्या खिडकीशी. वीज, दुरुस्ती आणि दादाचा ठरलेला मोबदला तुमच्या खात्यातून त्याला. यासाठी साधा लेखी करार करा आणि घराच्या व्यवस्थापनापुरतं मर्यादित मुखत्यारपत्र द्या. विक्रीचा अधिकार त्यात नको. विश्वास नाही म्हणून नव्हे, लागत नाही म्हणून. मुखत्यारपत्र तिकडे सही करून भारतीय उच्चायुक्तालयातून साक्षांकित करून घ्या, आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरा. जमल्यास पर्यटन संचालनालयाकडे निवास-न्याहारी योजनेत घराची नोंदणीही करून घ्या; मालक कोण हे त्यात आपोआप स्पष्ट होतं. एखाद्या कंपनीने सहलीसाठी पूर्ण घर घेतलं तर तिने कर कापला पाहिजे. तसं झालं तर कापल्याचा दाखला मागून घ्या. पर्यटक कुणी कापत नाहीत, त्यामुळे उपकरासह कर दहा हजार किंवा त्याहून जास्त होणार असेल तर आगाऊ कर हप्त्यांनी भरायचा.

हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत इतरांनीही विचारला आहे, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. आखातात राहणाऱ्यांना तिकडे वैयक्तिक आयकर नाही, म्हणून त्यांना वाटतं कुठेच काही भरायचं नाही. मालवणच्या खोल्यांचं भाडं भारतातच करपात्र आहे, राहा कुठेही. अमेरिकेतल्यांना जगभरच्या उत्पन्नावर कर आहेच, शिवाय परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली असेल तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरावा लागतो. एनआरओ त्यात आलं. घर वर्षात पंधरा दिवसांपेक्षा कमी भाड्याने दिलं असेल आणि तुम्ही स्वतः पंधरा दिवस किंवा जास्त राहिला असाल, तर ते भाडं अमेरिकेत मोजत नाहीत. भारत मात्र मोजतो. घर दोन-तीन वारसांच्या नावावर असेल तर भाडंही त्या हिश्श्यांत विभागून ज्याचं त्याने दाखवायचं. सगळ्यांच्या वतीने धाकट्याने भरलं, असं चालत नाही.

आणि विकायचंच ठरलं तर घाईने इसार घेऊ नका. दोन वर्षांहून जास्त काळ असलेल्या घरावर नफ्याच्या १२.५ टक्के कर, वर उपकर आणि लागू असल्यास अधिभार. महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांचा पर्याय फक्त निवासींना ठेवलाय. वडिलोपार्जित घर १ एप्रिल २००१ च्या आधीचं असेल तर त्या तारखेची किंमत मूळ किंमत धरता येते, त्यासाठी मूल्यांकनकाराचा दाखला घ्या. कमी दराने कर कापण्याचा दाखला खरेदीखताच्या आधीच काढा, नाहीतर घेणारा सावधगिरी म्हणून पूर्ण रकमेवर कापतो आणि तुम्ही परताव्याची वाट बघत बसता.

तुमच्यापुरतं बोलायचं तर या आठवड्यात दोनच कामं: पॅन चालू आहे का ते पोर्टलवर बघणं, आणि दादाला फोन. वहीची पानं आली की २०२५-२६ चं विवरणपत्र एका बैठकीत होतं. एचएमआरसीला काय उत्तर द्यायचं, ते त्या आकड्यांवरूनच ठरेल.